तुमच्या नातीची शाळा

बाबा, तुमच्या नातीच्या शाळेबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी हे कुणाला सांगता आलेलं नाही.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी वर्ध्याला कारकून, बिऱ्हाड गावालगतच्या सिंदी मेघेत. तुम्ही वडनेरच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आलेले. पोरगी चार वर्षांची. सकाळी तिची आई पोळ्या लाटायची, तेव्हा तुम्ही शेजारी बसून परातीतल्या पिठात पोरीच्या बोटानं अक्षरं गिरवून घ्यायचात. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्यात. एके दिवशी ती मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेते आणि एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून वाचते: तूर, गूळ, मीठ. "पप्पा, मले येते!" तुमचा चेहरा फुललेला. "पाह्य, वाचून राह्यली पोट्टी."

पण माझ्या डोक्यात इंग्रजी शाळा बसली होती. आमच्या साहेबांची मुलं तिथे जात. मुलाखतीत चित्र दाखवल्यावर पोरगी मोठ्यानं "गाय" म्हणाली आणि मी शरमेनं खाली बघितलं. प्रवेश मिळाला, मोठ्या बाईंनी बजावलं, घरात मराठी बंद करा, नाहीतर मुलगी मागे पडेल. घरी आल्या आल्या मी चिठ्ठ्या खरवडून काढायला लागलो.

"तिले समजते ते वाचू दे ना अगोदर," तुम्ही म्हणालात. "गोडी लागली हाये, तोडू नोको."

"तुमाले काय समजते इंग्रजीतलं? तुमच्यानंच मागं पडन पोट्टी. तिच्याशी बोलूच नोका."

पोरगी दारात उभी होती. दोन दिवसांनी तुम्ही वडनेरला परतायला पिशवी भरलीत. "आबाजी, काऊन जाता?" तिनं विचारलं. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात. "चांगली शिकजो, माय."

शाळेत तिचं तोंड मिटलं. लघवीला जायचं इंग्रजीत विचारता येईना, म्हणून ओल्या फ्रॉकनं घरी यायची. संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसवायचो. ती अक्षरांकडे न बघता माझ्या हाताकडे बघायची, कारण तो केव्हा उठेल याचा नेम नसायचा. त्याच हिवाळ्यात तुम्ही तिकडेच वारलात. तेराव्यानंतर, तिची गोडी खरंच तुटली की काय या भीतीनं, मी तिच्यापुढे मराठी पुस्तक ठेवलं. ती कुजबुजली, "मराठी नाई वाचाचं ना, पप्पा?"

पहिलीत नापास झाली. पुढे मराठी शाळेत घातली, कशीबशी दहावीपर्यंत गेली. परीक्षेपुरतं वाचलं, तेवढंच. आज तिला दोन मुलं आहेत आणि घरात एक पुस्तक नाही. लग्नपत्रिका आली तरी माझ्यापुढे सरकवते, "तुमीच वाचा." चौथ्या वर्षी तू डब्यांवरचं वाचायचीस, असं मी एकदा सांगितलं तर हसली. "मी? काईतरीच." तिला काही आठवत नाही, बाबा. परातही नाही, तुम्हीही नाही.

मुलांच्या शाळेचं तिनं मला विचारलं होतं. मी काहीच सुचवलं नाही. माझ्या सल्ल्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि तिला वाचायला द्यायची माझी छाती नाही. तुम्ही गावाच्या ओढीनं वडनेरला परतलात, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं एवढंच, की तुमची एस.टी. सुटली आणि स्टँडवरून घरी परतताना मला हायसं वाटलं होतं.