अक्षदासाठी विंडोज अकरा

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. पिंपरी पेंढार.
अक्षदाला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. पोरीने नाव काढलं. कंपनी म्हणते, हवं तर हिंजवडीच्या ऑफिसात या, हवं तर घरून काम करा. घरून करायचं तर कॉम्प्युटरवर विंडोज अकरा पाहिजे. आपल्याकडे दहा आहे. म्हणजे फरक फक्त एकाचा! जेवताना जाहीर करून टाकलं की पोरगी कुठेही जाणार नाही, पंधरा तारखेला तिने जॉईन व्हायच्या आत मी अपग्रेड करून देतो. बायको, आमची सरू, वाढता वाढता थांबली. अक्षदा ताटात बघत राहिली. भारावली असावी.
काळजीचं कारण नाही. मशीन मी स्वतः असेंबल केलेलं आहे. जुन्नरला आदेशच्या दुकानात. पार्ट त्याने बसवले, पण तो मागेल तेव्हा स्क्रू ड्रायव्हर मीच देत होतो. शिवाय पतसंस्थेतली अख्खी नोकरी पासबुकाच्या प्रिंटरशेजारी गेलेली. ही लाईन मला नवीन नाही.
संकल्प: आधी बॅकअप, मग अपग्रेड. घाई करायची नाही. चिडायचं नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार
तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. ‘हा पीसी पात्र नाही’ असा शेरा आला. चिडलो.
पुन्हा चालवला. पुन्हा तेच. टीपीएम नावाची चिप लागते म्हणे. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यातला एक पोरगा हिंदीत म्हणाला, घबराना नहीं है. मी घाबरलो नव्हतोच, पण बरं वाटलं. चिप आपल्या बोर्डात असते, फक्त बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करायची.
बॅकअप उद्या.

३० सप्टेंबर, मंगळवार
बायोसमध्ये शिरायला मशीन सुरू होताना डिलीट बटण दाबत राहावं लागतं. डिलीट! ज्याने हे ठरवलं त्याला घरदार नसावं. डोळे मिटून दाबलं. चिप चालू केली. तपासणीत हिरवी खूण आली!
अक्षदाला हाक मारून खूण दाखवली. ती म्हणाली, पप्पा, मला जरा बोलायचं होतं. म्हटलं, आधी डाउनलोड लावतो, मग निवांत बोलू. डाउनलोड लागेपर्यंत ती मैत्रिणीकडे निघून गेली. फार महत्त्वाचं नसावं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
सकाळी मोटरसायकल, विळे, फवारणीचा पंप, सरूचं शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा झाली. या वर्षी कॉम्प्युटरला पहिला मान दिला. आदेश मागे म्हणाला होता, राव, कॉम्प्युटरची पूजा लांबूनच करीत जावा. त्याला श्रद्धा नाही. मी मशीन चालू ठेवून पूजा केली, म्हणजे ती आतपर्यंत पोचते. हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि कॉम्प्युटरच्या डब्याच्या डोक्यावर जाळी आहे तिथे गूळखोबऱ्याचा नैवेद्य. गुळाचा खडा चांगला मोठा ठेवला, कामही मोठं आहे.
उद्या अपग्रेड. आज सोनं वाटण्यात वेळ गेला. बॅकअप राहिला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सुरुवात झकास. पस्तीस टक्के झाले आणि मशीन फट् करून बंद. पुन्हा चालू केलं तर इंग्रजीत आलं की केलेले बदल मागे घेत आहोत. वायरमनला फोन लावून झापलं. म्हटलं, लाईट सांभाळता येत नसेल तर तारा काढून न्या. सरू आतून म्हणाली, आवं, लाईट गेलीच न्हाई, पंखा चालूच व्हता की. बाईमाणसाला व्होल्टेजमधलं कळत नाही.
नैवेद्य जागेवर नव्हता. खोबरं तेवढं शिल्लक, गूळ गायब. उंदीर असावा. देवाने घेतला असंही म्हणता येईल.

५ ऑक्टोबर, रविवार
दुसरा प्रयत्न. या वेळी एकतीस टक्क्यांवर बंद. सरूने त्याच वेळी मिक्सर लावला होता. चिवड्याचा मसाला म्हणे! दिवाळीला अजून अवकाश आहे, एवढी घाई कसली? घरात फर्मान काढलं: अपग्रेड चालू असताना मिक्सर, इस्त्री, गिझर बंद. सरू पाट्यावर वाटत बसली. जोरात वाटत होती.
मशीनमधून मंद गोड वास येतो. नवीन सिस्टीम उतरू लागली की येत असावा. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढताना दिसली. पाऊस येणार.

७ ऑक्टोबर, मंगळवार
पाऊस आला नाही. मुंग्या आहेत.
आज बॅकअप घेतलाच. सगळे फोटो पेनड्राइव्हवर. मग व्हिडिओत पाहिलं की अपग्रेड अडत असेल तर पेनड्राइव्हवरून करावं. लगेच पेनड्राइव्हवर विंडोज चढवली. चढवताना मशीनने विचारलं की आधीचं सगळं पुसू का. घाईघाईत होय म्हटलं.
घरात पेनड्राइव्ह एकच आहे, हे नंतर लक्षात आलं. फोटो अजून मशीनमध्ये आहेत, म्हणजे नुकसान काहीच नाही. फक्त बॅकअप नाही. सरूला सांगण्यासारखं काही नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
पेनड्राइव्हवरून तिसरा प्रयत्न. आता दहा टक्क्यांतच बंद. प्रगती उलट्या दिशेने चालली आहे, पण दिशा कळली हेही कमी नाही.
शेजारचे गेणभाऊ टोमॅटोचं क्रेट द्यायला आले. पाच मिनिटं पडद्याकडे बघत बसले. म्हणाले, सावळेराम, पोरगी पुन्यालाच चाललीय ना, मग ह्यो खटाटोप कशापायी? म्हटलं, भाऊ, तुमची माहिती जुनी आहे, ती घरूनच काम करणार. ते सरूकडे बघू लागले. सरू टोमॅटो निवडत होती. मग म्हणाले, आसंल बाबा, आमाला काय कळतंय. गावात अफवा फार.
अक्षदाने नवीन बॅग घेतली आहे, चाकांची. घरून काम करणाऱ्याला चाकांची बॅग कशाला? मुलींची हौस.

१२ ऑक्टोबर, रविवार
मशीन आता सुरूच होत नाही. नुसतं पीं पीं करतं. माझा अंदाज: प्रोसेसरला अकराचं ओझं पेलत नाही.
अक्षदा पुन्हा बोलायला आली. खुर्ची ओढून शेजारी बसली. पप्पा, तुम्ही रागावणार नसाल तर, असं म्हणाली. मी म्हटलं, बाळा, रागावतो कशाला, पप्पांवर भरवसा ठेव, तुला घर सोडावं लागणार नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा विश्वास पाहून मलाही भरून आलं. खरं सांगायचं तर ती गेल्यावर या घरात माझं ऐकणारं कोण आहे? म्हणून तर चाललंय सगळं.
उद्या जुन्नर.

१३ ऑक्टोबर, सोमवार
डबा गोधडीत गुंडाळून मोटरसायकलवर जुन्नरला नेला. आदेशने झाकण उघडलं आणि आत वाकून बघितलं. मग दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाईकांना बोलावलं. वरच्या जाळीतून गूळ वितळून पंख्यावर, पंख्यावरून रॅमवर, असा तारेसारखा उतरला होता. पंखा घट्ट चिकटलेला. मुंग्यांनी आत संसार थाटला होता. आदेश म्हणाला, राव, लई मशिनी बघितल्या, पण चिक्की पयल्यांदाच बघतोय. कोणीतरी फोटो काढला.
निदान झालं: बाहेरील पदार्थ. म्हणजे माझ्या सेटिंगमध्ये कुठेही चूक नव्हती, हे आज सर्वांसमक्ष सिद्ध झालं. घरी फक्त ‘पंखा जाम होता’ एवढंच सांगायचं ठरवलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
झालं! डबा काल दुकानातच ठेवून आलो होतो, आज आदेशने पंखा बदलला, रॅम पुसली, आणि अपग्रेड एका दमात शंभर टक्के. फोटोही शाबूत. दिलेल्या शब्दाच्या एक दिवस आधी! डबा गोधडीत बांधून मोटरसायकल हाणली. वाटेत आळेफाट्याला पेढे घेतले.
घरी आलो तर दारात चाकांची बॅग उभी. शेजारी चिवड्याचा डबा, लाडवांचा डबा, नवी चादर. अक्षदा म्हणाली, पप्पा, मी पहिल्याच दिवशी कंपनीला पुणे कळवलं होतं. मला तिथे जाऊन राहायचंय, माणसांत बसून काम शिकायचंय. सांगायला इतक्यांदा आले, तुम्ही ऐकतच नव्हता.
मी सरूकडे पाहिलं. सरू म्हणाली, आवं, आमी सांगनारच व्हतो, पन तुमी त्या डब्यात गुतला व्हता. मंग म्हनलं, ऱ्हाऊ द्या गुतलेलं, न्हाईतर न जेवता तोंड फिरवून बसला असता. पोरीची तयारी तरी निवांत झाली.
वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. सगळ्या गावाला माहीत, मलाच नाही. पेढे तिच्याच बॅगेत घातले. म्हणालो, पंखा जाम होता.

१५ ऑक्टोबर, बुधवार
पहाटेच्या एसटीने अक्षदा गेली. फाट्यावर सोडायला गेलो. बॅग मी धरली होती, बस आल्यावर तिने मागून घेतली. चाकं छान चालतात.
मशीन फारच छान चालतं. दिवसभरात ते सुरू करायचं कारण सापडलं नाही.
संध्याकाळी अक्षदाचा सरूच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल आला. म्हटलं, थांबा, थांबा, मी कॉम्प्युटरवर घेतो, मोठ्या पडद्यावर दिसेल. धावत जाऊन मशीन सुरू केलं. पडद्यावर आलं, अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका. बसलो समोर. आतल्या खोलीतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. अपडेट संपलं तेव्हा ती मेसला जेवायला गेली होती.
तिच्या तिथल्या खोलीला खिडकी चांगली आहे, असं सरू म्हणाली.