आईची चौकीदारी

ती. ताई,

धाकट्याचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (तू लिहिणार 'बरे आहेत', पण विचारल्याशिवाय राहवत नाही.) आम्ही तिघंही ठीक आहोत. फक्त महिन्याभरापासून आपलं घर कारखाना झालंय.

त्याचं असं झालं. शहराच्या नकाशात रंग भरणं हे माझं काम, तुला माहीतच आहे. पिवळा म्हणजे राहायची जागा, जांभळा म्हणजे कारखाने. शनिवारी शेवटची गल्ली राहिली आणि पिवळा रंग संपला. साहेब म्हणाले, कोरी जागा दिसता कामा नये. म्हटलं, तात्पुरता जांभळा फासू, सोमवारी खरवडू. सोमवारी जाऊन बघतो तर नकाशा मंजूर! आणि गल्ली कुणाची? आपलीच. पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, मी त्याला रंगही दिला.

लगेच नोटीस आली, की कारखान्यांच्या भागात राहायला मनाई. दुसरी खोली शोधत वणवण फिरलो. पिवळ्या भागात एकेका खोलीमागे चाळीस माणसं. (घरमालक विचारतो, कोण कोण राहणार? 'म्हातारी आई' म्हटलं की दार बंद.) शेवटी नियमांच्या पुस्तकात एक फट सापडली. कारखान्याला चौकीदार ठेवता येतो आणि तो कुटुंबासह तिथे राहू शकतो. कारखाना म्हणजे तुझ्या भावजयीचं शिलाई मशीन. चौकीदार कोण? मी सरकारी नोकर, ती शाळेत. आम्हाला दुसरी नोकरी चालत नाही. उरली आई, वय अठ्ठ्याहत्तर. तपासनीस आले तेव्हा ती काठी घेऊन दारात बसली होती आणि तिने त्यांच्याकडेच ओळखपत्र मागितलं. बिचारे मुकाट्याने सही करून गेले. आता दर आठवड्याला येतात, चौकीदार जागेवर आहे का बघायला.

तुझा,
धाकटा

ता. क. : रविवारी तू आईला कायमची न्यायला येणार आहेस, ते कृपा करून रद्द कर. चौकीदार गेला की घराला सील. नकाशा दुरुस्त व्हायला दोन वर्षं लागतील (अर्ज माझ्याच टेबलावर पडलाय). तेवढी दोन वर्षं तिला इथे राहू दे.

आणखी एक : वरचं सगळं आईला वाचून दाखवलं. पोटभर हसली, 'बरं' म्हणाली आणि आत जाऊन पिशवीतली लुगडी परत कपाटात ठेवायला लागली. तिने पिशवी भरून ठेवली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. ताई, मला फार लाज वाटतेय गं. रविवारी ये आणि तिला घेऊन जा. आमचं आम्ही बघू.