मिनिमल रेझोल्यूशनची कुसगावची लढाई

ती. सरोजिनीमावशीच्या पायांवर तळेगावहून इंद्रायणीचं डोकं. (अलगदच ठेवलं आहे. गुडघा कसा आहे ते कळव. व्यायाम करत नाहीस, हे आईकडून समजलं.) इकडे सगळे खुशाल. मी तर जिंकून आले आहे.

कुसगावच्या एका हॉटेलात गणिताची परिषद होती आणि तिथे माझं भाषण. विषय तोच, ज्याचं नाव ऐकलं की तू विषय बदलतेस: मिनिमल फ्री रेझोल्यूशन. (पुन्हा सांगते. काही बहुपदी घ्यायच्या, त्यांची आपसांतली नाती शोधायची, मग त्या नात्यांची नाती. हे कुठेतरी संपतं, आणि वाटेत एकही नातं फालतू नसेल तर ते मिनिमल.) मी उभी राहिले आणि वीज गेली. प्रोजेक्टर बंद. शेवटी जेवणघरातला मेनूचा फळा उचलून आणला. मागोमाग मॅनेजर कैलासभाऊ आले आणि म्हणाले, "पुसा म्याडम, पर बिर्यानी ऱ्हाऊ द्या. तिची आर्डर घेतलीया." त्यामुळे माझं प्रमेय बिर्याणीखाली सुरू झालं.

अर्ध्यात श्रीयश नावाचे पुण्याचे तरुण प्राध्यापक उठले. त्यांनी हेच उदाहरण संगणकावर करून पाहिलं होतं, आणि त्यांच्याकडे दुसऱ्या व तिसऱ्या पायरीला माझ्यापेक्षा एकेक नातं जास्त निघत होतं. म्हणजे माझ्या हातून काही निसटलंय, असं ते फार सभ्यपणे म्हणाले. (सभ्यपणा जास्त झोंबतो.) माझे गाईड खाली बघू लागले. सगळी पीएचडी बुडाली असं मला वाटलं. तरी मी त्यांना म्हटलं, या दोन पायऱ्यांमधली तुमची मॅट्रिक्स लिहा. ते लिहीत गेले: एक्स, वाय, शून्य, आणि मध्येच नुसता दोन. मिनिमलमध्ये शून्य सोडून असा उघडा आकडा चालत नाही. तो दिसला की दोन्ही पायऱ्यांवरचं एकेक नातं फालतू ठरतं आणि गळून पडतं. मी म्हटलं, "सर, तुमचं रेझोल्यूशन बरोबर आहे. फक्त मिनिमल नाही."

ते स्वतःच खोडू लागले, आणि उरलं ते माझं उत्तर. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! कैलासभाऊंनीही वाजवल्या. (तेवढ्यात वीज आली, त्यासाठी असतील.)

तुझी विजयी भाची,
इंद्रायणी

ता. क. श्रीयश (तेच) मला लोणावळा स्टेशनवर सोडायला आले. बोलता बोलता लोकल सुटत राहिल्या. स्थळ चांगलं आहे. आईचा विश्वास फक्त तू आणलेल्या स्थळांवर, तेव्हा हे तूच शोधलंस असं तिला सांग.

आणखी ता. क. माझ्या पुढच्या प्रमेयावरही त्यांनी एक शंका काढली होती. घरी येऊन तपासलं. ती बरोबर आहे. लग्न ठरेपर्यंत त्यांना कळू देऊ नकोस.