पडलेली घोडी

७ ऑक्टोबर २००१, रविवार

डोकं गरगरतंय. आज पाच तास खेळलो, त्यातले दोन तास एकाच प्रश्नावर — घोडी आणि स्वार, दोघींचा डाव एक की दोन?

कॉलेजातल्या उदयसिंहने पुण्याहून आणलेलं खेळाचं पुस्तक म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. गोष्ट तो सांगतो, राक्षसही तोच; साक्षी, मी आणि बाकीचे आपापलं पात्र होऊन काय करतो ते सांगतो. घोड्यावरून लढायच्या नियमांची दोन पानं, त्यातलं दुसरं आलेलंच नाही. आम्ही आपलं धरून चाललो होतो की माझी स्वार आणि तिची घोडी म्हणजे एकच जीव. काडेपेटी ही घोडी, वर कॅरमची सोंगटी ही स्वार. दोन्ही एकदम सरकवायच्या, भाला मारायचा, झालं. तीन महिने असंच खेळलो. आज राक्षसाने घाव घातला आणि साक्षीने विचारलं, "पण लागलं कुणाला? सोंगटीला का काडेपेटीला?"

वीस बाजूंचे फासे कोल्हापुरात कुठे मिळायचे, म्हणून हाऊजीचे एक ते वीस आकडे पिशवीत घालून काढतो. सम आला तर स्वार, विषम आला तर घोडी, असं उदयसिंहने तिथल्या तिथे ठरवलं. सतरा आला. लाली नदीकाठी आडवी.

हो, नाव मीच ठेवलंय. आबांच्या — माझ्या वडिलांच्या — टांग्याच्या घोडीचं.

८ ऑक्टोबर

साक्षी म्हणते, "सोड की ती घोडी. नदी ओलांड, पलीकडं दुसरी घे." तिचं काही चुकीचं नाही. काडेपेटीच ती. मग मला एवढं का लागतंय?

९ ऑक्टोबर

खाली उतरणं हा डाव धरायचा की फुकट? उतरल्यावर घोडीवरचा लांब भाला चालतो का? जितका विचार करते तितका गुंता वाढतोय.

१० ऑक्टोबर, बुधवार

आज आबांना विचारलंच. टांगा बंद करून त्यांना पाच वर्षं झाली, आता रिक्षा चालवतात. लाली गडमुडशिंगीच्या एका शेतकऱ्याला दिली, तिथे मजेत आहे — आम्हाला एवढंच माहीत. कितीदा म्हटलं बघायला जाऊ. दर वेळी काहीतरी काम निघतं. आई तर त्यांच्यापुढे घोड्याचा विषयच काढू देत नाही.

"आबा, पडलेली घोडी उठवायची कशी?"

रिक्षाची काच पुसत होते. थांबले. "कुणाची पडली?"

"माझी. खेळातली. नदीकाठी पडलीय."

वाटलं, आता ओरडतील. पण सांगायलाच लागले. "आधी साज सोडायचा. लगाम वढायचा न्हाय, मान मोकळी ठेवायची. गाय मागनं उठती, घोडं पुढनं. म्हणून पुढचं पाय सरळ करायचं आन् खुराखाली गोणपाट टाकायचं, न्हायतर डांबरावर घसरतंय. आन् बोलत ऱ्हायचं तिच्यासंगं." मग काच परत पुसायला घेतली. "टाकून जाऊ नगं बघ, सोनम."

डांबर कुठून आलं? नदीकाठ म्हणून सांगितलं होतं की मी.

१४ ऑक्टोबर, रविवार

उतरले. साज सोडला, पाय सरळ केले, गोणपाट टाकलं, बोलत राहिले. उदयसिंह म्हणाला, "हे पुस्तकात न्हाय." मी म्हटलं, "तुझ्या पुस्तकात पानच न्हाय." शेवटी तह झाला — बारा किंवा वर आला तर लाली उठणार, आणि गोणपाटाचे दोन वाढवून मिळणार.

पिशवीत हात घातला. नऊ.

अकरा झाले. एकाने हुकलं. साक्षी म्हणाली, "परत काढ, आम्ही बघितलंच न्हाय." उदयसिंहनेही तोंड खिडकीकडे फिरवलं. पण मी नाही काढला. आबांनी सांगितलेलं सगळं केलं होतं, त्यावर खोटा आकडा कशाला, असं वाटलं. मग रडले. एका काडेपेटीसाठी, कॉलेजात जाणारी मुलगी! मलाच माझं कळत नाही.

१५ ऑक्टोबर

सकाळी आबा रिक्षा काढत होते. मला बघून विचारलं, "उठली का तुझी घोडी?"

इतक्या आशेने विचारलं की खरं सांगवेना. "उठली," म्हटलं. "गोणपाटामुळं उठली."

मान हलवली. रिक्षा सुरू करायला दांड्याशी वाकले आणि तसेच राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी न्हाय उठली."