पहिल्यांदाच मदत करणाऱ्यांचे आभार

ती. आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे शाबूत आहेत, पण टेकायची वेळ आली आहे, म्हणून आधी तुझे विचारले.

दवाखान्यांत पेशंटचे नंबर लावणारं आमचं फुकटचं सॉफ्टवेअर तुला ठाऊक आहेच (तुझ्या दातांच्या डॉक्टरकडे भिंतीवर आकडे दाखवतं, तेच). त्याचा कोड सगळ्यांना उघडा. ज्याला चूक दिसेल त्यानं दुरुस्त करून पाठवावी, आणि मी व तुझी लेक, म्हणजे आमची ताई, ती तपासून आत घेणार. (मी आपला नावाला. करते सगळं ताईच.) नवी आवृत्ती निघाली की घोषणेत पहिल्यांदाच मदत करणाऱ्यांचे नावानिशी आभार मानायचे, ही आमची रीत. माणसं जोडली जातात म्हणून मीच पाडली, हौस ना!

या खेपेला नव्यांची ही झुंबड. एकानं कोडमधली नुसती एक मोकळी ओळ पुसली, तरी त्याचं नाव ठळक अक्षरांत; त्यानं ते फ्रेम करून लावलं म्हणे. ताईनं सगळ्या सुट्ट्या घालवून अख्खी आवृत्ती उभी केली, आणि तिचं नाव कुठेच नाही. कसं असणार? ती नवी नाही! घरच्या कार्यात पाहुण्यांचे आभार मानतात, राबणाऱ्या बहिणीचे मानतं का कोणी, असं मी तिला समजवायला गेलो आणि आत्या, तिथंच माती खाल्ली. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाली, लॅपटॉप मिटला आणि काम सोडलं. भांडली असती तर परवडलं असतं गं.

आता सोमवारपासून सगळ्या दवाखान्यांत प्रत्येकाचा नंबर पहिलाच येतोय. भिंतीवर एकच आकडा, आणि उठतात सगळेच. दातांचे डॉक्टर फोनवर जे बोलले ते तुला लिहिण्यासारखं नाही. नव्यांना हाका मारल्या, तर ओळ पुसणारा म्हणतो, "दादा, मी फक्त ओळ पुसली." नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथं एकही निघाला नाही. मला त्या कोडमधलं ओ की ठो कळत नाही. खरंच सांगतो, रडू येतं.

बाकी सगळं ठीक, म्हणजे काहीच ठीक नाही.

तुझा,
हताश भाचा

ता. क. : ताईला परत ये म्हणून सांग. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

आणखी एक ता. क. : थांब, ते राहू दे. आत्ताच एका कोऱ्या, निनावी खात्यावरून दुरुस्ती आली. नंबर सुरळीत झाले. असं नेमकं काम जगात एकटीच करते. खाली लिहिलंय, "पहिल्यांदाच मदत करते आहे, सांभाळून घ्या." आता रीतीप्रमाणे स्वागत करून आभार मानणं आलं. आत्या, तेवढं तिला विचार ना, घोषणेत नाव कुठलं लिहू?