प्राजूच्या खोलीचा वास

५ डिसेंबर
डोहाळजेवण लोणीला झालं, तिच्या सासरी. पंगत मोठी. प्राजू हिरव्या साडीत अगदी तिच्या आईसारखी, सुधासारखी दिसत होती. कोणाला बोललो नाही, कारण बोललो असतो तर रडलो असतो.
सातवा चालू आहे. वीस तारखेला तिला इकडे, विश्रांतवाडीला आणायची. पहिलं बाळंतपण माहेरी, ते ठरलेलंच. तरी विहीणबाईंनी जेवताना विचारलंच, "दादा, घरात बाईमाणूस न्हाई, कसं निभावणार?" म्हटलं, माझी अक्का येतेय साताऱ्याहून. आणि मी काय नुसता बसून राहणार आहे? हसल्या. ते हसणं लागलं मला.
तिची खोली रंगवून घ्यायची. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी झिरपून भिंतीला पोपडे आलेत. गळती त्यांनी दुरुस्त केली, पोपडे तसेच. सुधा असती तर दिवाळीआधीच मागे लागली असती.

८ डिसें.
रंगाचं दुकान. दुकानदार विचारतो, प्रायमर पाण्याचा की तेलाचा? म्हटलं तेलाचा. "घरात लहान मूल?" अजून यायचंय. "मग पाण्याचा घ्या." म्हटलं, कारखान्यात मेन्टेनन्सला जन्म गेला माझा, मशीनला पाण्याचा रंग दिलेला कधी पाहिला नाही. तर म्हणतो, "मशीनला बाळंतपण नसतं, काका." शहाणा! माल मात्र मुकाट दिला.
माझा विचार साधा. बाळाला रोज तेल लावणार, तेच हात भिंतीला लागणार, वर शेक-धुरी. साध्या रंगावर तेलाचा हात लागला की डाग कायमचा. ऑइल पेंट ओल्या फडक्याने पुसला की लख्ख. प्रायमर आणि रंग, दोन्ही तेलाचेच घेतले.
प्राजूचा फोन. "बाबा, कमी वासाचा रंग घ्या हं." हो हो म्हटलं.

१२ डिसें.
पेंटरने भिंतीच्या खड्ड्यांत लांबी भरली. भिंत हाताला गार लागते. "थंडीचं वाळायला वेळ लागतो काका, थांबू का थोडं?" म्हटलं, वीस तारीख थांबणार आहे का? मार प्रायमर. मारला. त्याला काय, सांगाल ते मारतो.

१६ डिसें.
रंग संपला. फिकट मोतिया, चकचकीत. ट्यूब लावली की भिंतीत दिसते. स्वतःलाच शाबासकी दिली.
पेंटर जाताना म्हणाला, वास उग्र आहे, खिडक्या उघड्या ठेवा. कसला वास? माझं नाक करोनात गेलं ते परत आलंच नाही. कोणाला सांगितलं नाही. सुधा होती तेव्हा, तिलाही नाही. आमटीला नावं ठेवायचा हक्क गेला असता.
थंडी फार. खिडक्या लावून घेतल्या.

२० डिसें.
आली आणि गेली.
समोरच्या मानेवहिनींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. सगळं रीतीप्रमाणे. मी पुढे होऊन खोलीचं दार उघडलं, कौतुकाने. प्राजू आत गेली आणि ओढणी तोंडाला लावून बाहेर आली. मग बाथरूममध्ये ओकत बसली. "बाबा, कसला वास हा! तुम्हाला कसं काही होत नाही?"

हॉलमध्ये झोप म्हटलं. तिथेही येतोय म्हणाली, डोकं धरून बसली. सागरराव, आमचे जावई, बॅग परत खाली घेऊन गेले. दिवेलागणीच्या आत परत लोणीला.
भरल्या वांग्यांची कढई तशीच. मी एकट्याने किती खाणार.

२८ डिसें.
विहीणबाईंचा फोन. "दादा, आठवा लागला. आठव्यात पोरीला हलवत न्हाईत आमच्यात. आता हितंच ऱ्हाऊ दे. हितं समदं हाय."
विचारलं, नवव्यात? "नवव्यात बघू."
बाई वाईट नाहीत. त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. सातव्यात हातात आलेली पोर मी माझ्या शहाणपणाने घालवली. पाण्याचा प्रायमर घेतला असता तर आज शेजारच्या खोलीत झोपली असती. जीव जळतो नुसता.
अक्काला कळवलं, इतक्यात येऊ नको. "का रे?" काहीतरी सांगितलं.

४ जाने.
खिडकीखाली भिंतीला फोड आलेत. ओल आत कोंडली. एक फोडला, आत बोट ओलं झालं. म्हणजे तिने सोसलं असतं तरी खोली टिकणार नव्हतीच.
पेंटरला म्हटलं, सगळं खरवडून काढायचं. "ऑइल पेंट कोण खरवडतं काका?" हसला. मग मीच खरवडायचा पत्रा घेतला. पॉलिश पेपरने घासून खांदे भरून आले. नाकाला रुमाल बांधला होता. कशाला, कोण जाणे.

१३ जाने.
भिंत उघडी पडलीय. वाळू देतोय. रोज हात लावून बघतो. यावेळी घाई नाही. घाई होती तेव्हा तारीख होती, आता तारीखच नाही.
दुकानात गेलो, पाण्याचा प्रायमर मागितला. दुकानदार काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

२२ जाने.
पाण्याचा प्रायमर, वर साधा पांढरा, कमी वासाचा. तेलाचे डाग पडले तर पडू देत. पडोत एकदाचे.
आता रोज मानेवहिनींना बोलावतो. वहिनी, जरा वास घेऊन सांगता का? येतात, खोलीत उभ्या राहतात. "आहे थोडा, भाऊजी." आज विचारलंच त्यांनी, "तुम्हाला नाही का येत?" सवय झालीय म्हटलं.

२७ जाने.
नववा लागला. वहिनी म्हणाल्या, "गेला हो वास, काही नाही आता." फार पटकन म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. खरंच गेला, की माझी कीव आली?
दु. प्राजूचा फोन. "बाबा, खरं सांगा, गेला वास?" तोंडात हो आलं होतं. बोलवेना. सांगून टाकलं. मला वासच येत नाही गं.
"कधीपासून?" करोनापासून. "आईला माहीत होतं?" नाही. मग जी चिडली! "आणि गॅस सुटला तर? एकटे राहता ना तुम्ही? कोणाला सांगायचं नाही का?" चिडता चिडता रडायला लागली. मला वाटलं होतं खोलीवरून चिडेल. खोलीचं नावसुद्धा काढलं नाही.
शेवटी म्हणाली, "रविवारी येते. मी स्वतः वास घेते. आला तर परत जाईन हां बाबा, वाईट वाटून घेऊ नका."
पोर मला समजावते. उलटंच झालं सगळं.

१ फेब्रु., रविवार
खिडक्या पहाटेपासून सताड उघड्या. भिंत कोरडी, गार नाही. खोलीच्या मधोमध उभा राहून मोठा श्वास घेतला. काही नाही. मला काय, डांबर ओतलं तरी काही नाहीच.
आत्ता फोन आला, येरवड्याला पोचलेत. विहीणबाईही आहेत गाडीत. विचारलं, बॅग आणलीस का?
"डिकीत आहे. आधी वर येऊन बघते, मग सागर आणेल."
मानेवहिनी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन उभ्या आहेत. वांगी करून ठेवलीत. मीठ बरोबर आहे, तेवढं जिभेला कळतं.