होडी लांबच उभी केलीय

प्रिय अवंतिका,

तुझा ऑडिओ मेसेज अखेर पूर्ण ऐकला. आधी अर्ध्यावरच बंद केला होता. कॉलेजही असंच सोडलं, तेव्हा तुला नवल वाटणार नाही. मी विचारलेलं एवढंच, की लग्न करशील का, हो की नाही. आणि तू अमेरिकेच्या त्या पश्चिम किनाऱ्यावरून तिथल्या मूळच्या क्विनॉल्ट लोकांबद्दल बोलत सुटलीस. नदीच्या मुखाशी एक गाव होतं, बाहेरच्यांनी त्याचंच नाव सगळ्या लोकांना चिकटवलं. त्यांची भाषा लहानपणापासून बोलत आलेलं आता कुणी उरलं नाही, जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून पोरं ती पुन्हा शिकताहेत आणि तू त्यांना ती लावून देतेस. मी म्हटलं, झालं, ही नाही म्हणायचं टाळतेय. फोन गादीवर आपटला.

नावाचं मात्र डोक्यात राहिलं. इथे जपानात, इचिकावातल्या ज्या कोनबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, मी काउंटरवर असतो, तिथला मालक मला मुंबई-सान म्हणतो. मी सांगलीचा, हे सांगून दमलो. त्याला भारतातलं तेवढं एकच गाव ठाऊक. काल त्याने पुन्हा तशीच हाक मारली, मला एकदम हसू आलं, आणि खोलीवर येऊन उरलेला मेसेज लावला.

तर त्यात त्या होड्या. किनाऱ्यावरचे लोक लांबलांबून वल्हवत एकमेकांकडे जातात, पण ओळखीचे असले तरी थेट उतरत नाहीत. पाण्यातच थांबून आपण कोण, कुठून आलो ते सांगतात, जमेल तेवढं आपल्या भाषेत, आणि उतरू का म्हणून विचारतात. आणि अगदी शेवटी तू हळूच म्हणतेस, विश्वजित, बाबांच्या दारात एकदा असा थांबशील? अगं, हे आधी सांगायचं ना.

आज कोबेला तुझ्या बाबांकडे आलो. खालूनच इंटरकॉमवर सांगितलं, काका, मी विश्वजित, सांगलीचा, इचिकावाहून आलोय, कॉलेज अर्धवट आहे, अवंतिकेवर जीव आहे, वर येऊ का? इंटरकॉम खरखरला. मागे तुझा भाऊ रेन जपानीत काहीतरी बोलून खिदळत होता. मग काका म्हणाले, एवढं मोठ्याने सांगू नकोस, शेजारी मराठी शिकतील. वर ये.

चहा झाला, पोहे झाले. निघताना म्हणाले, माझी हरकत नाही, पण किनारा तिचा आहे, तिलाच विचार. कधीपासून छातीवर बसलेलं ओझं जिन्यातच उतरलं. म्हणून बंदरावरच्या बाकावर बसून हे लिहितोय. अवंतिका, मी विश्वजित, सांगलीचा. होडी लांबच उभी केलीय. या खेपेला घाई नाही. ये म्हणालीस, की उतरतो.

पाण्यातूनही तुझाच,
विश्वजित